शब्द आणि चाल: पारंपरिक

आमच्या वाडीचा एक बँड आहे. पूर्वी त्याला वाद्यवृंद म्हणायचे, मग ऑर्केस्ट्रा म्हणायला लागले. पुढे कीबोर्डवाल्याने शोध लावला की ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपलं वय कळतं, तेव्हापासून बँड. वय लपवायला यांच्याकडे तरुण काय आहे, तर फक्त कीबोर्ड. तो वाजवणाऱ्याला नातू झालाय. ढोलकीवर माझा नवरा. त्याला आता मांडी घालून बसता येत नाही, म्हणून तो स्टुलावर बसून वाजवतो आणि विचारलं तर म्हणतो, हल्ली सगळे असंच वाजवतात. या सगळ्यांच्या डोक्यावर मंडळाचा सेक्रेटरी. तो काहीच वाजवत नाही. तो निवेदन करतो.

निवेदन म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. दोन गाण्यांच्या मध्ये एक माणूस उभा राहतो आणि पुढचं गाणं किती सुंदर आहे हे गाण्यापेक्षा जास्त वेळ सांगतो. आमचा सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेला. आयुष्यभर काउंटरच्या मागे बसून लोकांना उद्या या म्हणत होता, आता एवढी माणसं समोर बसलेली मिळाल्यावर तो गप्प कशाला बसेल? चंद्र, चांदणं, मोगरा, मातीचा गंध, सगळं येतं त्याच्या बोलण्यात. शेवटी आभार. मंडप घालणाऱ्यापासून चहा आणणाऱ्यापर्यंत एक माणूस सुटत नाही. नावं घेण्याची या वाडीला इतकी हौस आहे की मी इथे मुद्दाम एकाचंही घेणार नाही. घेतलं तर ज्यांचं राहिलं ते दारात येऊन उभे राहतील. वाडी गिरगावात आहे, एवढं पुरे.

गेल्या वर्षी यांच्या डोक्यात रेकॉर्डिंगचं खूळ शिरलं. वाडीचं रिडेव्हलपमेंट होणार, सगळे पांगणार, तेव्हा काहीतरी ठेवा राहिला पाहिजे. ठेवा हा सेक्रेटरीचा शब्द. स्टुडिओत जायचं, तीन गाणी करायची आणि यूट्यूबवर टाकायची. पहिलं गणेशस्तवन, कारण त्याशिवाय यांना शिंकसुद्धा येत नाही. दुसरं वाडीचं गौरवगीत, जे सेक्रेटरीने स्वतः लिहिलंय आणि ज्यात वाडी या शब्दाला माडी, गाडी आणि साडी एवढी तीनच यमकं सापडली आहेत. आणि तिसरं गौरीच्या पाठवणीचं गाणं.

खरं सांगायचं तर रेकॉर्ड करण्यासारखं ते एकच होतं. वाडीत गौरी जायच्या दिवशी बायका ते गाणं म्हणतात, नव्या सुना ऐकून ऐकून शिकतात, लग्न होऊन बोरिवली-डोंबिवलीला गेलेल्या मुली तेवढ्यासाठी येतात. त्यात गौरीला म्हटलंय, भोंगा झाला, दादा कामावर गेले, तू तरी घटकाभर थांब, अजून उंबरा ओला आहे. उंबरा ओला असताना गेलीस तर पावलं उमटतील आणि मग ती दिवसभर बघावी लागतील. एवढंच आहे. मी वाडीत सून म्हणून आले त्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं होतं, आणि मी काही ऊठसूट रडणारी बाई नाही.

ते गाणं माझ्या सासूबाईंनी केलेलं आहे. शब्दही त्यांचे, चालही त्यांची. परळच्या चाळीत त्या वाढल्या, वडील गिरणीत. मोठी बहीण लग्नानंतर पहिल्यांदा गौरीला माहेरी आली आणि गौरीबरोबरच परत सासरी गेली, त्या दिवशी त्यांनी हे गाणं केलं. तेव्हा त्या शाळेत होत्या. लग्न होऊन गिरगावात आल्यावर पहिल्याच गौरीला सासूने विचारलं, गाणंबिणं येतं का काही, तेव्हा यांनी ते म्हटलं. कोणाचं आहे हे कोणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. नव्या सुनेने मी गाणं केलंय म्हणायचं, म्हणजे शिष्टपणा झाला असता. मग ते वाडीचं झालं. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं होतं त्या बायका एकेक करून गेल्या, आणि मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात सेक्रेटरीच्या निवेदनातून त्याला एक दिवस शेपूट चिकटलं: शब्द आणि चाल पारंपरिक. दरवर्षी तो हे म्हणायचा तेव्हा सासूबाई माइकसमोर उभ्या असायच्या, कारण मधल्या कडव्यातली ती वरची जागा दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून निघत नाही. शेजारी उभा राहून तो पारंपरिक म्हणायचा आणि या मान खाली घालून पदर सारखा करायच्या.

अशा सोशिक माणसांचा मला मनस्वी राग येतो. मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल की आई, बोला, तुम्हाला तोंड दिलंय देवाने. त्या म्हणायच्या, जाऊ दे गं, वर्षातून एकदा तर म्हणतो.

पण रेकॉर्डिंगचं ठरलं त्या संध्याकाळी मात्र मेथी निवडता निवडता त्या आपणहून म्हणाल्या, "हे आता कायमचं होणार. एकदा तरी म्हटलं जाऊ दे गं, की ते माझं आहे."

मी मेथी तिथेच टाकली आणि खाली मंडळाच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी, खजिनदार आणि कीबोर्डवाला बॅनरवर कोणाचा फोटो किती मोठा यावर चर्चा करत होते. गाण्याचं रेकॉर्डिंग, पण बॅनर आधी. मी सांगितलं की तिसऱ्या गाण्याला सासूबाईंचं नाव द्या. सेक्रेटरी असा हसला, जसं काही मी लॉकरची चावीच मागितली. म्हणाला, वहिनी, पारंपरिक म्हटलं की त्याला एक वजन येतं, काकींचं नाव दिलं की ते घरगुती होतं. मी म्हटलं, ते घरगुतीच आहे, त्यांच्या घरात झालंय. तर म्हणाला, "पण पुरावा काय?"

पुरावा! मेल्या, तुझ्या गौरवगीताला कोणी पुरावा मागितला का? तिथे तर शिक्षा करायला हवी. मी एवढंच विचारलं की पारंपरिक गाण्यात गिरणीचा भोंगा कुठून आला. तिघेही विचारात पडले. खरंच पडले, मी बघत होते. मग कीबोर्डवाला म्हणाला की जुन्या काळी भोंगा म्हणजे शंख असेल. आणि बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. दादा शंख वाजला म्हणून कामावर गेले! माझ्या जन्मात मी इतकी शिकलेली आणि इतकी मठ्ठ माणसं एका टेबलाभोवती पाहिली नाहीत.

मी वर येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता बघा मी काय तमाशा करते ते. त्यांनी माझा हात धरला. तू भांडायचं नाहीस, म्हणाल्या, मला शब्द दे. इतकी वर्षं शेजारी राहिलोय, आता जाता जाता वाईटपणा नको. बघू, मी बोलेन. मी शब्द दिला आणि मनात म्हटलं, बोलल्या या! या भाजीवाल्याला कोथिंबीर जास्त घाल म्हणत नाहीत, या सेक्रेटरीशी काय बोलणार?

त्यातून बँडला तयार करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. लग्नाआधी मी स्टुडिओत कोरस गायचे. जाहिराती, भक्तिगीतं, निवडणुकीची गाणी, जे येईल ते. मागे उभं राहून आ-आ करायचं आणि घरी जायचं. पण वाडीत स्टुडिओ आतून पाहिलेली मी एकटीच, म्हणून माझा सल्ला घ्यायचं ठरलं. घ्यायचं म्हणजे ऐकून घ्यायचं, वागायचं आपल्या मनासारखं.

तालमी मंडळाच्या ऑफिसात व्हायच्या. पहिल्या दिवशी मी सांगितलं की माइकला सगळं ऐकू येतं. खोकायचं नाही, पायाने ताल धरायचा नाही, बांगड्या काढून ठेवायच्या, पैठण्या नेसायच्या नाहीत कारण त्या सळसळतात. या शेवटच्या मुद्द्यावर कोरसमधल्या बायकांनी असं तोंड केलं, जसा काही मी त्यांचा दागिनाच काढून घेतला. एकीने विचारलं, मग व्हिडिओत काय दिसायचं? मी म्हटलं व्हिडिओ नाहीये. तर सगळ्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं, आणि त्याने डोळ्यांनी सांगितलं की बघू आपण ते.

मग आमची वाहवा. यांना सवय अशी की गाणं चालू असतानाच एकमेकांना दाद द्यायची. माझ्या नवऱ्याने एक साधा तुकडा वाजवला की कीबोर्डवाला म्हणणार क्या बात है, आणि कीबोर्डवाल्याने सूर लांबवला की माझा नवरा म्हणणार जियो. मी म्हटलं, अरे बाबांनो, हे सगळं रेकॉर्ड होईल. नवरा म्हणाला, होऊ दे की, जिवंतपणा येतो. त्याच्यात जिवंतपणा आणायला मला इतकी वर्षं जमलं नाही, तो यांना क्या बात है म्हणून आणायचा होता.

टिकटिक तर विचारूच नका. स्टुडिओत कानात एक टिकटिक देतात, तिच्याबरोबर वाजवायचं असतं. मी मोबाइलवर लावून दिली. आमचा बँड निघाला टिकटिकीच्या पुढे, स्तवन संपलं तेव्हा टिकटिक बिचारी मागे राहिली होती. कीबोर्डवाल्याने सांगितलं की मोबाइल हळू चालतोय. आणि प्रत्येक गाणं संपलं की तो कीबोर्डचं एक बटन दाबायचा, त्यातून टाळ्या वाजायच्या. रिकाम्या ऑफिसात, स्वतःच्या गाण्यावर, स्वतःच्या बोटाने टाळ्या. मी त्याला विचारलं की हे स्टुडिओत करणार आहेस का. तो म्हणाला, त्याशिवाय संपल्यासारखं वाटत नाही.

आणि सगळ्यात जास्त तालीम कशाची झाली असेल? निवेदनाची. मी कपाळ बडवून सांगितलं की गाण्याच्या रेकॉर्डिंगला निवेदन नसतं. तिथे प्रेक्षक नाहीत, तिथे चार भिंती आहेत. सेक्रेटरी शांतपणे म्हणाला, वहिनी, हे आपलं वैशिष्ट्य आहे. मग रोज संध्याकाळी तो उभा राहून चांदण्यात शिरायचा, आणि रोज शेवटी तेच, शब्द आणि चाल पारंपरिक. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकायच्या. मी त्यांच्याकडे बघायचे, आता बोलतील, आता बोलतील. त्या पाण्याची बाटली उघडायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि बाटली बंद करायच्या. मला वाटायचं, ती बाटली हिसकावून सेक्रेटरीच्या डोक्यात घालावी. पण शब्द दिला होता.

एकदा मात्र नवऱ्याला रात्री जेवताना म्हटलं की तू बोल, तुझी आई आहे. त्याने पोळीचा तुकडा मोडत सांगितलं की कमिटीने तोडगा काढलाय, आईचं नाव "संकलन" म्हणून देणार आहेत. संकलन! म्हणजे गाणं इकडेतिकडे पडलं होतं, यांनी झाडून गोळा केलं. आणि त्याला ते छान वाटत होतं. आईला विचार, तिला चालेल, म्हणाला. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्याने ते होकार म्हणून धरलं, पुरुषांना तेवढं पुरतं.

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. स्टुडिओ दादरला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्टची खोली, पलीकडे गायचा-वाजवायचा हॉल. रेकॉर्डिस्ट तिशीचा मुलगा, कमी बोलणारा. आम्ही सगळे एकदम आत शिरलो तेव्हाच त्याचा चेहरा पडला. कोरसच्या बायका पैठण्यांत. एकजात सगळ्या. माझ्याकडे न बघता त्या आत जाऊन बसल्या.

मग आमच्या लोकांनी पिशव्या उघडल्या. आधी गणपतीची तसबीर निघाली, ती त्या लाखमोलाच्या यंत्रावर टेकवली गेली. हार निघाला. समई निघाली आणि वातही निघाली, पण रेकॉर्डिस्टने घाबरून सांगितलं की इथे आग चालणार नाही. यावर कमिटीची तिथेच छोटी बैठक झाली. शेवटी कीबोर्डवाल्याने मोबाइलवर दिव्याचं चित्र लावलं आणि वाडीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या हस्ते त्या चित्रावरच दीपप्रज्वलन झालं. त्यांनी मोबाइलवर बोट ठेवल्याबरोबर दिवा जाऊन कोणाचा तरी मिस्ड कॉल दिसायला लागला. टाळ्या मात्र झाल्या, बटनावरच्या.

मग सत्कार. रेकॉर्डिस्टला उभं करून शाल घातली, हातात नारळ दिला. गळ्यात हेडफोन, त्यावर शाल, त्यावर हार, आणि तो बिचारा नारळ कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघत होता. सेक्रेटरीने त्याच्या कार्याचा गौरव केला. त्याचं कार्य काय हे पाच मिनिटांपूर्वी सेक्रेटरीलाही माहीत नव्हतं. त्याच्या मदतनिसाचाही सत्कार झाला, आणि शाली पुरल्या नाहीत म्हणून जिन्यातल्या वॉचमनला नुसता नारळ गेला. घड्याळ चालू होतं, स्टुडिओ आम्हाला दुपारपर्यंतच मिळाला होता. मी काचेला टेकून उभी होते आणि जीभ दातांखाली धरली होती.

स्तवन झालं, म्हणजे कसंबसं संपलं. गौरवगीताला माडी आली, गाडी आली, आणि साडीच्या वेळी खरोखरच सगळ्या पैठण्या सळसळल्या, तेव्हा रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. ते पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. मधे माझ्या नवऱ्याने जियो म्हटलं म्हणून एकदा घेतलं. मग सेक्रेटरी आत गेला आणि त्याने निवेदनं रेकॉर्ड केली. सगळी. रेकॉर्डिस्ट मला हळूच विचारत होता की हे कशासाठी आहे. मी म्हटलं, वैशिष्ट्य आहे.

तिसऱ्या गाण्याचं निवेदन आलं तेव्हा मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या शेजारी काचेच्या अलीकडे बसल्या होत्या. स्पीकरमधून चांदणं आलं, माहेर आलं, शब्द आणि चाल पारंपरिक, संकलन श्रीमती अमुक अमुक, पुढे माझ्या सासऱ्यांचं नाव, आडनाव. सेक्रेटरी बाहेर आला आणि त्यांना म्हणाला, काकी, खूश ना? त्यांनी मान हलवली. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. त्यांचाच राग, दुसऱ्या कोणाचा नाही. त्या माणसाला अक्कल नाही, पण तुम्हाला आहे ना? मग असं आयुष्य कोणी जगायला सांगितलं होतं? मनात म्हटलं, आता काय ते आत जा आणि गा, संकलन करा.

त्या आत गेल्या. बांगड्या आधीच काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या, सांगितलेलं ऐकणारी सगळ्या बँडमध्ये ती एकच बाई. साधी सुती साडी. पलीकडे स्टुलावर माझा नवरा ढोलकी घेऊन, त्याच्या कानाला हेडफोन, कीबोर्डवाल्याच्या कानाला हेडफोन. रेकॉर्डिस्टने बटन दाबून सांगितलं, आवाजाची पातळी बघायचीय, काकी, काहीही बोला, नाव वगैरे सांगा.

अशा वेळी सगळे काय बोलतात ते मला माहीत आहे. हॅलो, वन टू थ्री. मी स्वतः शेकडो वेळा बोललेय. सासूबाई माइकच्या जरा जवळ सरकल्या आणि त्यांनी एक नाव सांगितलं. पूर्ण नाव. पहिलं नाव, मग त्यांच्या वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. "राहणार परळ," त्या म्हणाल्या. "हे गाणं मी केलंय. शब्द माझे, चाल माझी. शाळेत असताना."

त्यातलं ते पहिलं नाव मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. वडिलांचं माहीत होतं, आडनाव माहीत होतं, पण ते नाव नाही. मला वाटलं, त्यांच्या बहिणीचं असेल. आत माझा नवरा ढोलकीवरचा हात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत होता. हेडफोनमध्ये त्याला नीट ऐकू आलं होतं.

"आई, ही कोण?" त्याने विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या.

काचेच्या अलीकडे सेक्रेटरी आधी भानावर आला. ते लेव्हलचं होतं ना, ते गाण्यात येत नाही ना, त्याने रेकॉर्डिस्टला विचारलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, मी सगळंच रेकॉर्डवर ठेवतो, हवं ते कापता येतं. मग कापा, सेक्रेटरी म्हणाला, लोक विचारतील ही बाई कोण, या नावाचं वाडीत कोणी नाही. रेकॉर्डिस्टचं बोट अजून बोलायच्या बटनावरच होतं, त्यामुळे हे आत सगळ्यांना ऐकू गेलं. मी शब्द दिलेला विसरले आणि तोंड उघडलं, पण त्याआधी सासूबाईंनी हेडफोन काढून स्टँडवर लटकवले.

"ते राहणार असेल तर गाते," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी निघते. मला घरी वरण लावायचंय."

आवाज चढला नव्हता. आमच्या घरात भाजी काय करायची हे ज्या आवाजात ठरतं तोच आवाज. सेक्रेटरीने खजिनदाराकडे पाहिलं, खजिनदाराने घड्याळाकडे. त्यांच्या बॅनरवर, त्यांच्या ठेव्यात, त्यांच्या यूट्यूबवर हे एक गाणं सोडलं तर काय उरत होतं हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला पुढचं वाक्य सुचेना. शेवटी त्याने हाताने केलं, ठेवा, ठेवा. मी रेकॉर्डिस्टला म्हटलं की संकलनवालं काढून टाक, आणि तो पहिल्यांदा हसला.

त्या गायल्या. भोंगा झाला, दादा कामावर गेले, उंबरा ओला. त्या वरच्या जागेला आवाज जरा थरथरला, आता वय झालंय, पण गेला तिथे. टाळ्यांचं बटन कोणी दाबलं नाही. जियो कोणी म्हटलं नाही. नवऱ्याने टिकटिकीबरोबर वाजवलं की टिकटिक सोडून, मला सांगता येणार नाही, कारण माझं लक्ष नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात ते नाव म्हणून बघत होते, त्यांना बसतं का ते. बसत होतं.

घरी आलो. जेवायला बसलो. नवऱ्याने दोनदा आमटी मागितली आणि मग, खाली ताटात बघतच, त्याने विचारलं की मग हे आत्ताचं नाव कोणी ठेवलं.

"तुझ्या आत्याने," सासूबाई म्हणाल्या. "मला कोणी विचारलं नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या बाबांनी अंगठीने त्यावर लिहिलं. सगळे वाचायला पुढे आले, तसं मीही वाकून वाचलं. तेव्हा मला कळलं, माझं नाव काय ते."

नवऱ्याने विचारलं, आवडलं होतं का.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजूनही नाही आवडत."